प्रौढांचा व्यायाम : सातारा-सांगली परिसरातील दोन परंपरा

कोयनानगरहून नदीच्या काठाने खाली यावे, तो पाटण ओलांडल्यावर कराड लागते. कराडनजीकच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. या परिसराच्या क्रीडेतिहासाचा आरंभ कुस्तीपासून केला जातो, तो स्वाभाविकच आहे. परंतु एखाद्या प्रदेशाने किती मल्ल घडविले, हा एक प्रश्न. तेथील सामान्य प्रौढ मनुष्य स्वतः व्यायाम करीत होता काय, हा दुसरा. प्रस्तुत टिपणात या दुसऱ्या प्रश्नाचाच विचार करावयाचा आहे.

कुस्तीला गावाचा आधार होता. तालमीची लाल माती, वस्तादाची देखरेख आणि यात्रेतील कुस्त्यांचा फड यांमुळे ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या टिकली. खाशाबांचे वडीलही मल्लच होते. तथापि ही परंपरा सर्वांना सामावून घेणारी नव्हती. स्त्रियांना तालमीत प्रवेश नव्हता. दूधबदामांचा खुराक ज्याच्या घरास परवडे, तोच मोठ्या जोडीची उमेद धरी. संसार मागे लागला, वय सरले, की बहुतेकांची लंगोट खुंटीला लागे. मोजके वस्ताद होत; उरलेले फडाभोवतीचे जाणते प्रेक्षक बनत. म्हणजे ज्या गावात कुस्तीचे वेड मोठे, त्या गावातील प्रौढांचा व्यायामही मोठा, असा निष्कर्ष काढता येत नाही.

दुसऱ्या परंपरेचा उगम औंध संस्थानात आढळतो. या संस्थानची राजधानी औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडीचा मुलूख सांगली जिल्ह्यात मोडतो. १९०९ साली गादीवर आलेले भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी सँडोची व्यायामपद्धती सुमारे दहा वर्षे आचरिली होती. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या आग्रहावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. त्यांनी या व्यायामाची पद्धतशीर मांडणी केली, त्यावर ग्रंथ लिहिले आणि संस्थानातील शाळांत तो सक्तीचा केला. १९३८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक लुईझ मॉर्गन यांच्या संपादनाखाली लंडनहून प्रसिद्ध झाले.

या पद्धतीचे महत्त्व तिच्या साधेपणात आहे. पुरुषभर लांबीची जागा मिळाली की पुरे. प्रतिस्पर्धी नको, इनाम नको, विशेष खुराक नको. त्यामुळे तालमीने ज्यांना वगळले, त्या स्त्रिया आणि चाळिशी उलटलेले गृहस्थ यांनाही तिचे दार खुले झाले. सामान्य माणसाचा आजन्म व्यायाम हा राज्यकारभाराचा विषय होऊ शकतो, ही कल्पना येथे प्रत्यक्षात आलेली दिसते.

मात्र या प्रयोगात एक विसंगती होती. ज्या राजाने १९३९ च्या राज्यघटनेने आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविली, त्यानेच व्यायाम मात्र आज्ञेने रुजविला. १९४८ साली संस्थान विलीन झाले, आणि त्या आज्ञेमागील सत्ताही संपली. यात्रेतील फड मात्र कोणाच्या हुकुमावाचून चालू राहिले. तालमीपाशी समाजाचे बळ होते, पण व्याप्ती नव्हती. औंधपाशी व्याप्तीची दृष्टी होती, पण समाजातून उगवलेली संस्था नव्हती. २०१२ पासून साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटरस्त्यावर होणाऱ्या अर्धमॅरेथॉनमध्ये स्त्रीपुरुष एकत्र धावतात. येथे सक्तीही नाही आणि तालमीची बंधनेही नाहीत. परंतु वर्षातील एका दिवसाची धाव आणि नित्याचा व्यायाम यांतील अंतर येथेही विसरता येत नाही.

म्हणूनच या विषयाच्या अभ्यासकाने केवळ पदके आणि आखाडे मोजून थांबू नये. धरणाच्या कामासाठी वसलेल्या कोयनानगरसारख्या वसाहतीत तर ही कसोटी अधिकच आवश्यक ठरते. कारण अशी वसाहत जुन्या गावाची यात्रा आणि तालीम वारशाने घेऊन जन्माला येत नाही. तेथे कोण जिंकले, यापेक्षा कोणत्या वयात, कोणत्या कारणाने आणि कोणी व्यायाम सोडला, हे विचारणे इतिहासाच्या दृष्टीने अधिक फलदायी होईल.