वामनदादा कर्डक : साठ वर्षांची गीतरचना आणि मौखिक संहितेचा प्रश्न

मराठी वाङ्मयेतिहासाची मांडणी प्रायः मुद्रित ग्रंथाच्या आधारे झालेली आहे. कवीचा काल त्याच्या पहिल्या संग्रहापासून मोजावा, त्याचा विकास संग्रहांच्या क्रमाने दाखवावा आणि त्याची योग्यता समीक्षकांच्या अभिप्रायांवरून ठरवावी, ही पद्धती आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्या मर्यादांचा विचार सहसा होत नाही. लोककवी वामन तबाजी कर्डक यांच्या बाबतीत मात्र ही पद्धती पहिल्याच पावलाला अडखळते. त्यांनी पहिले गीत ३ मे १९४३ रोजी रचले; त्यांचा पहिला संग्रह ‘वाटचाल’ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला; आणि १५ मे २००४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. म्हणजे एकसष्ट वर्षांच्या कारकिर्दीपैकी पहिली तीस वर्षे हा कवी ग्रंथावाचून कवी होता. त्या तीस वर्षांत त्यांची गीते महाराष्ट्रभर गाइली जात होती. तेव्हा ती कोणत्या आधारावर टिकली, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर काही अंशी चळवळीच्या इतिहासात, काही अंशी वस्तीच्या जीवनात आणि बऱ्याच अंशी गीतांच्या भाषिक घडणीत सापडते.

वामनदादांच्या पूर्वी या गायनपरंपरेची भूमी तयार झालेली होती. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुणे येथे सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्या समाजाच्या विचारांचा खेडोपाडी प्रसार करण्याकरिता पुढे जे जलसे निघाले, त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि आशय पालटला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत हाच साचा पुन्हा उपयोगी पडला. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० चा. या काळानंतर नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डक यांच्यासारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलसे उभे केले. गणातील देवतेचे स्तवन आणि गौळणीतील शृंगार बाजूस सारून त्या जागी शिक्षण, स्वाभिमान आणि संघटना हे विषय आले. ज्या श्रोतृवर्गाला वृत्तपत्र वाचता येत नव्हते, त्याच्यापर्यंत पोहोचणारे हे वृत्तपत्रच होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

वामनदादांचा जन्म याच जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी झाला. शाळेचा लाभ त्यांना झाला नाही. पोटासाठी ते मुंबईस आले आणि शिवडीच्या चाळीत राहून मिळतील ती अंगमेहनतीची कामे त्यांनी केली. कोणीतरी आणलेले पत्र आपणास वाचून दाखविता येत नाही, याची खंत त्यांना वाटली आणि देहलवी नावाच्या शिक्षकांकडून ते अक्षरे शिकले. पुढे दुकानांवरील पाट्या वाचीत त्यांनी जोडाक्षरे आत्मसात केली. ही हकीकत त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते, ती बहुधा जिद्दीचे उदाहरण म्हणून. भाषाभ्यासाच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. हा कवी भाषा प्रथम कानाने शिकला आणि लिपी नंतर, प्रौढपणी. लेखन त्यांच्यापाशी स्मरणाचे साधन म्हणून आले. रचनेचे माध्यम त्याआधीच सिद्ध होते.

त्यांची पहिली रचना एका हिंदी गीताच्या विडंबनाच्या रूपाने झाली. विडंबन या शब्दाचा येथील अर्थ थट्टा असा नसून परिचित चालीवर नवे शब्द बसविणे असा आहे. चाल उसनी घेणे हे प्रतिभेच्या न्यूनतेचे लक्षण मानण्याची प्रवृत्ती सुशिक्षित वर्गात आढळते. ती तपासून पाहण्याजोगी आहे. अमेरिकेतील कामगार चळवळीचे गीतकार जो हिल यांनी चर्चमधील स्तोत्रांच्या आणि लोकप्रिय गीतांच्या चालींवर आपली गीते रचली. लोकगीत आणि रॉक या दोन्ही प्रकारांत दीर्घकाळ वावरलेले बॉब डिलन यांनीही आरंभीच्या काही गीतांसाठी जुन्या लोकगीतांच्या चालींचा आधार घेतला. कारण उघड आहे. चाल श्रोत्याला आधीच पाठ असते. म्हणून नवे शब्द स्मरणात ठेवण्याचे निम्मे काम झालेलेच असते. एका रात्रीत ऐकलेले गीत दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी म्हटले जावे अशी जेथे अपेक्षा आहे, तेथे परिचित चाल ही छापखान्याची जागा घेते.

१९५६ हे वर्ष या कारकिर्दीचे दोन भाग पाडते. १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे धर्मांतर झाले आणि ६ डिसेंबर रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. तोपर्यंत गीताचे कार्य मुख्यतः प्रचाराचे होते. नेता विद्यमान होता आणि गीत त्याच्या सभेकडे लोकांना बोलावीत होते. यानंतर गीताकडे स्मृतीचे कार्य आले. नव्या धम्माला नवे विधी आणि नवे सण हवे होते; १४ एप्रिल, वैशाखी पौर्णिमा, ६ डिसेंबर यांचे एक नवे पंचांग तयार होत होते. नामकरण, विवाह, जयंती, शोकसभा या प्रत्येक प्रसंगी जुनी भक्तिगीते वर्ज्य झाली होती, पण मौन शक्य नव्हते. ती पोकळी ज्या रचनाकारांनी भरून काढली, त्यांत वामनदादांचे स्थान अग्रगण्य आहे. त्यांच्या गीतांची संख्या दहा हजारांच्या घरात सांगितली जाते. हा आकडा मोजून सिद्ध करणे कठीण असले तरी त्यामागील कारण सहज समजण्यासारखे आहे : दरवर्षी, दर प्रसंगी, दर वस्तीत नव्या गीताची मागणी होती.

ही मागणी जेथून येत होती त्या वस्तीकडे पाहिल्यावाचून परंपरेचे आकलन पुरे होत नाही. वामनदादांचा मुंबईतील आरंभीचा काळ शिवडी-नायगावच्या चाळींत गेला. पण शहर उत्तरेकडे सरकले तसा या गीतांचा श्रोताही उपनगरांत सरकला. साकीनाका हे त्याचे चांगले उदाहरण होय. अंधेरी-कुर्ला मार्गावरील हा नाका कारखाने, लहान यंत्रशाळा आणि त्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या दाट वस्त्या यांनी घडलेला आहे. १९७२ च्या दुष्काळाने मुंबईत लोटलेल्या मराठवाड्याच्या आणि देशावरच्या कुटुंबांनी उपनगरांतील अशा वस्त्या वाढविल्या. त्यांच्या शेजारी उत्तर हिंदुस्थानातून आलेले हिंदी व उर्दू भाषकही राहू लागले. अशा वस्त्यांत जयंतीच्या रात्री गल्लीच्या तोंडाशी तात्पुरता मंच उभारून गायनपार्टी बसते. पेटी, ढोलकी, टाळ्यांचा ठेका आणि झीलकरी यांच्या साथीने मुख्य गायक कडवे उचलतो. कित्येकदा दोन पार्ट्यांचा सामना होतो. या गायनाचा आराखडा पुष्कळ अंशी कव्वालीचा आहे. जलशाचा तमाशाप्रधान साचा मागे पडून कव्वालीचा साचा पुढे आला, या स्थित्यंतरात बहुभाषी शेजाराचा आणि हिंदी चित्रपटसंगीताचा वाटा मोठा असला पाहिजे. वामनदादांनी स्वतः हिंदीतही रचना केल्या, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे.

आता गीतांच्या भाषिक घडणीकडे वळू. मौखिक रचनेचा विचार मिल्मन पॅरी यांनी होमरच्या काव्याच्या संदर्भात १९२८ मध्ये मांडला आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तो युगोस्लाव्हियातील गायकांच्या आधारे पुढे नेला. त्यांचे मुख्य प्रतिपादन असे की, मौखिक कवीपाशी एकाच नायकाची भिन्न लांबीची नामरूपे तयार असतात आणि चरणात जेवढी जागा रिकामी असेल तेवढ्या लांबीचे रूप तो तेथे बसवितो. आंबेडकरी गीतपरंपरेत ही व्यवस्था स्पष्टपणे आढळते. मात्रांच्या हिशेबाने ‘भीम’ हे रूप तीन मात्रांचे, ‘भीमा’ आणि ‘बाबा’ चार मात्रांची, ‘भीमराव’ सहा, ‘भीमराया’ सात आणि ‘बाबासाहेब’ नऊ मात्रांचे आहे. बोलताना ‘भीम’ हा शब्द एकाक्षरी उच्चारला जातो. गाताना मात्र अंत्य ‘म’ मधील अकार पुन्हा प्रकट होतो आणि ताणताही येतो. एका व्यक्तीच्या नामरूपांची ही सिद्ध मालिका पदरी असल्यामुळे ऐन वेळी रचना करणाऱ्यास चरण मोडण्याचे भय उरत नाही. भक्तीच्या आवेगात नाव वारंवार येते हे खरेच. परंतु ते वारंवार येऊ शकते याचे कारण त्याच्या रूपांची ही लवचिकता होय.

दुसरा विशेष यमकाचा. बोलीतील ‘केलं’, ‘दिलं’, ‘नेलं’ यांसारखी सानुस्वार अंत्यरूपे प्रमाण लेखनात ‘केले’, ‘दिले’ अशी लिहिली जातात. मराठी वाक्याचा शेवट सामान्यतः क्रियापदाने होत असल्यामुळे या रूपांनी यमकाचे विस्तीर्ण क्षेत्र खुले होते. छापील काव्यात असे यमक सोपे म्हणून गौण गणले जाते. पण ऐकणाऱ्याला पुढचा शब्द आधीच जाणवावा आणि झीलकऱ्यांनी तो गायकाबरोबर उचलावा, हाच जेथे हेतू आहे तेथे हा सोपेपणा दोष ठरत नाही. वामनदादांच्या आत्मकथनाचे १९९६ चे शीर्षकही ‘माझ्या जीवनाचं गाणं’ असे सानुस्वारच आहे. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी या रूपांना संवादाच्या लेखनात मुभा दिली. या कवीने ती ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आणली.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा विशेष म्हणजे नाममुद्रा. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफण्याची त्यांची रीत आहे. तिचा एक धागा अभंगातील ‘तुका म्हणे’, ‘चोखा म्हणे’ या मुद्रेपर्यंत आणि दुसरा गझलेच्या मक्त्यापर्यंत जातो. ज्या गीताला मुखपृष्ठ नाही, त्याच्या कर्तृत्वाची नोंद गीताच्या पोटातच ठेवावी लागते. नाममुद्रा ही ती नोंद होय. परंतु तिची सुरक्षितता मर्यादित आहे. ‘वामन’ हे चार मात्रांचे नाव काढून तेवढ्याच लांबीचे दुसरे नाव त्या जागी सहज बसते. कार्यक्रम लांबला की शेवटचे कडवेच गळते. उलट, प्रसिद्ध नावाच्या ओढीने दुसऱ्याची रचनाही त्या नावावर जमा होते. संत नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा यांच्या रचना मिसळल्या आणि त्या वेगळ्या काढण्यात संशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या, हे सर्वज्ञात आहे. तेथे अंतर शतकांचे होते. वामनदादांच्या बाबतीत कवीच्या निधनास पाव शतकही झालेले नाही आणि तोच प्रश्न समोर आहे.

येथे डिलन यांच्याशी केलेली तुलना पुन्हा उपयोगी पडते, ती साम्यासाठी नव्हे, भेदासाठी. १९६२ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि तेव्हापासून त्यांच्या गीतांची संहिता, तिचे पाठभेद, तिचे हक्क या सर्वांची नोंद होत गेली. २०१६ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गीत हे साहित्य आहे की नाही यावर वाद झाला; गीत कोणाचे आहे यावर नव्हे. वामनदादांना १९९३ मध्ये वर्धा येथील आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लाभले, म्हणजे त्यांच्या समाजाने गीत हे साहित्य आहे हा निर्णय तेवीस वर्षे आधीच दिला होता. ‘वाटचाल’नंतर ‘मोहळ’ (१९७६) आणि ‘हे गीत वामनाचे’ (१९७७) हे संग्रहही आले. तथापि दहा हजारांच्या मानाने हे मुद्रण अत्यल्प आहे.

गायकाबरोबर संहिता जाते, याची जाणीव उपनगरांनी एकदा तीव्रतेने घेतली आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा मृत्यू झाला. चार दिवसांनी मुलुंड येथे शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. त्यांचा आवाज आज ऐकता येतो तो आनंद पटवर्धन यांच्या चित्रपटांमुळे. १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये तो मुद्रित झाला नसता तर वस्तीच्या स्मरणावाचून त्याला अन्य आधार क्वचितच राहिला असता.

यावरून पुढील कार्याची दिशा ठरते. वामनदादांच्या गीतांची चिकित्सक आवृत्ती केवळ छापील संग्रहांवरून सिद्ध होणार नाही. कीर्तनकारांच्या बाडांना संतवाङ्मयाच्या संशोधनात जे मोल आहे, ते येथे गायनपार्ट्यांच्या हस्तलिखित वह्यांना दिले पाहिजे. एकाच गीताचे नाशिक, नागपूर आणि साकीनाका येथील पाठ शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत. कोणते कडवे कोठे गळले, नाममुद्रा कोठे बदलली, चाल कोणती नोंदली आहे, याच्या नोंदी ठेवल्या पाहिजेत. पाठभेद हे येथे केवळ अशुद्धीचे पुरावे नव्हेत. कोणत्या वस्तीला गीतातील कोणता भाग हवा होता, याचेही ते पुरावे आहेत. ज्या गायकांनी ही गीते स्वतः वामनदादांच्या तोंडून उचलली, ते आज वृद्ध झाले आहेत आणि त्यांच्या वह्यांची पाने सुटू लागली आहेत. तेव्हा हे काम पुढच्या पिढीवर टाकता येण्यासारखे नाही.