गिरणगाव ते सीप्झ

श्रोतेहो, ‘सीप्झ’ हे ‘सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन’ या नावाचं आद्याक्षरी रूप. नाव सांताक्रूझचं, पण वसाहत अंधेरी पूर्वेला, मरोळजवळ. भुयारी मेट्रोत या दोन ठिकाणांच्या मध्ये चक्क पाच स्थानकं लागतात! गुजरातेतल्या कांडल्याचं निर्यात क्षेत्र १९६५ सालचं. त्यानंतर १९७३ साली उभं राहिलेलं हे देशातलं दुसरं. मुंबईच्या रोजगाराने कसं वळण घेतलं, ते इथे नीट दिसतं.

मुंबईचा कामगार म्हटलं की गिरणी कामगार आठवतो, आणि तोही पुरुष. पण १९२० च्या दशकात गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. वाइंडिंग, रिलिंग ही खाती तर प्रामुख्याने बायकांचीच. पुढे यंत्रं बदलली, पाळ्या वाढल्या. बायकांना रात्रपाळीची मनाई होती. त्यात १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याने बाळंतपणाच्या भत्त्याचा भार मालकावर आला. संरक्षण देणारे कायदेच बायकांना न घेण्याची सबब ठरले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा त्यांत बायका अगदी थोड्या उरल्या होत्या.

सीप्झमध्ये मात्र याच्या उलट चाललं होतं. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग जोडायला तरुण मुली घेतल्या जात. कारण सांगितलं जाई ते त्यांच्या ‘चपळ बोटांचं’. त्या कमी पगारावर येतात आणि युनियनच्या वाटेला सहसा जात नाहीत, हे कोणी मोठ्याने बोलत नसे. पुढे दागिन्यांचे कारखाने आले. २००० साली सीप्झ विशेष आर्थिक क्षेत्र झालं. अशा क्षेत्रांतले उद्योग राज्याच्या धोरणाने ‘लोकोपयोगी सेवा’ ठरले. म्हणजे रुग्णालय किंवा पाणीपुरवठ्याप्रमाणे इथेही आगाऊ नोटीस दिल्याशिवाय संप बेकायदा!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. आता देशातल्या सर्वच औद्योगिक आस्थापनांत संपाआधी किमान १४ दिवसांची नोटीस सक्तीची आहे. बायकांना त्यांच्या संमतीने रात्रपाळीही करता येते. गिरणीत बायकांची वाट अडवणारी एक अट गेली, आणि सीप्झच्या कुंपणाआड अपवाद म्हणून आलेली अट सगळ्यांची झाली. म्हणून, श्रोतेहो, किती जणांना काम मिळालं हा आकडा ऐकला, की ते कोणाला मिळालं आणि कोणत्या अटींवर, हेही विचारत चला.