गांजातील दुसरे द्रव्य

१८३९च्या सुमारास कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. ओशॉनेसी यांनी आकडीने बेजार झालेल्या, अवघ्या चाळीस दिवसांच्या मुलीला गांजाच्या अर्काचे थेंब दिले आणि ती वाचली. परंतु अर्कातील कोणत्या द्रव्याचा हा गुण, हे सांगू शकणारे रसायनशास्त्र तेव्हा नव्हते.

ते काम पुढे बल्गेरियात जन्मलेल्या राफाएल मेशूलाम यांनी इस्रायलात अंगावर घेतले. पोलिसांनी जप्त केलेला पाच किलो चरस मागून घेऊन ते चक्क बसने प्रयोगशाळेत परतले! त्याला आरोग्य खात्याची परवानगी लागते, हे मागाहून कळले. आम्हां सरकारी नोकरांच्या अंगावर काटाच यावा. १९६३ साली त्यांनी कॅनाबिडायॉलची रचना उलगडली. १९६४ साली गाओनी यांच्यासह टीएचसी शुद्ध रूपात वेगळे केले. कैफ आणणारे ते हेच; कॅनाबिडायॉलला कैफ नाही.

हे बिनकैफाचे द्रव्य त्यांनी ब्राझीलमधील सहकाऱ्यांसह अपस्मारावर वापरून पाहिले. १९८०च्या निबंधात नोंद आहे, की नेहमीची औषधे चालू असूनही ज्यांचे झटके थांबत नव्हते अशा आठ रुग्णांपैकी चौघांचे झटके जवळजवळ नाहीसे झाले. एवढे होऊनही पुढची तीस वर्षे तिकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. गांजाचे नाव आड आले, असेच मला वाटते. मुलांच्या दुर्धर अपस्मारासाठी अमेरिकेने या औषधाला मान्यता दिली ती २०१८ साली. मेशूलाम तेव्हा ८७ वर्षांचे होते.