फियाट, नांगर आणि आत्याबाईंची वही

जुन्या मोटारींचा विषय निघाला की लोक राजेरजवाड्यांकडे वळतात. आपल्याला तर कोल्हापूर जवळच. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते, ती बघायला निपाणीतूनही माणसं जातात. बघावी अशीच आहे ती. पण राजाच्या गाडीला सांभाळायला राजवाडा असतो. मला लिहायचंय ते ज्या गाड्यांना पत्र्याच्या शेडशिवाय दुसरा आसरा नाही त्यांच्याबद्दल, आणि त्या शेडमधल्या माणसांबद्दल. आमच्याकडे ही गोष्ट मोटारीपासून सुरूच होत नाही. ती सायकलीपासून सुरू होते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना सायकल नावाचं नवं वाहन त्यांच्या नजरेत भरलं. ते तिकडून सायकली पाठवायचे आणि बेळगावात त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा त्या विकायचे, चालवायला शिकवायचे. १८८८ साली असं हे दोन भावांचं दुकान सुरू झालं. पुढे बढतीत डावललं गेल्यावर लक्ष्मणरावांनी मुंबईची नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. सायकल मोडली की ती उघडायची, आतलं बघायचं, नसलेला भाग आपणच घडवायचा. हे ज्याला जमलं त्याला पुढचं जमायला किती वेळ लागणार? आधी कडबा कापायचं यंत्र झालं, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमीन विषारी होते! पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं लागली. नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी ती जागा हवी होती म्हणून कारखाना उठवावा लागला आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावला मागे उरलं ते किर्लोस्कर रोड हे नाव. आपल्या आज्या-पणज्यांनी वाचलेलं ‘स्त्री’ मासिक १९३० साली याच वाडीतून निघालं, म्हणजे बेळगावच्या सायकल दुकानाचं आपल्या वाचनाशीही नातं आहे, हे जाता जाता सांगून ठेवते.

नाव तेवढंच उरलं असं म्हणाले खरं, पण ते पूर्ण खरं नाही. उद्यमबागेत आज भट्ट्या आहेत, लेथ आहेत, बीड ओतणारी माणसं आहेत. कोल्हापुरात उद्यमनगर आहे. निपाणी या दोन्हींच्या मधे: उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर कोल्हापूर, दक्षिणेला पंचाहत्तरेक किलोमीटरवर बेळगाव. आमच्यासारख्या लहान गॅरेजचा जीव या मधल्या जागेत आहे.

आता दुसरं नाव. वालचंद हिराचंद दोशी. १८८२ चा जन्म, सोलापूर, दिगंबर जैन घराणं. ‘जैन बोधक’ काढणारे शेठ हिराचंद नेमचंद हे त्यांचे वडील. समाजाच्या सभेत वालचंदांचं नाव निघालं की माना अभिमानानं ताठ होतात. जहाजं, विमानं, मोटारी या तिन्हींत हात घालणारा माणूस. मोटारीच्या कारखान्याची खटपट त्यांनी दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या सुमारास आरंभली. सोबत विश्वेश्वरय्या होते. फोर्डशी बोलणी झाली, ती फिसकटली. मग क्रायस्लरशी करार झाला, तर इंग्रज सरकारनं हात आखडला. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि कुर्ल्याला डॉज, प्लिमथ जोडल्या जाऊ लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. वालचंदांचं निधन १९५३ साली झालं. पुढच्याच वर्षी फियाट अकराशेचं पर्व सुरू झालं, ते मात्र त्यांना बघायला मिळालं नाही. गोल पाठीची म्हणून लोक तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे. त्यानंतर डिलाइट, प्रेसिडेंट आणि शेवटी पद्मिनी.

माझ्या मनात मात्र एक गंमत नेहमी येते. कारखाना काढणारा जैन माणूस समाजाला भूषण. पण त्याच कारखान्यातली गाडी दुरुस्त करणारा जैन मुलगा? माझ्या लग्नाच्या वेळी, मुलगा काय करतो, या प्रश्नाला ‘गॅरेज’ असं उत्तर आलं तेव्हा माझी एक मावशी बराच वेळ गप्पच बसली. मग म्हणाली, “शेती तरी आहे का गं?” आपल्यात दुकान चालतं, शेती चालते, तंबाखूची वखार तर फारच चालते. नखात काळं अडकलेला जावई चालत नाही. अजूनही चालत नाही, उगाच बदललंय म्हणू नये.

आमचं गॅरेज मामंजी आणि त्यांच्या दोन भावांनी हमरस्त्यालगत काढलं. पुणे-बंगळूर रस्ता गावाला चिकटून जात होता तेव्हाची ही गोष्ट. उन्हाळ्यात तवंदीचा घाट चढताना गाड्या धापा टाकायच्या. रेडिएटरचं पाणी उकळायचं. पेट्रोल पंपात जाण्याआधीच त्याची वाफ व्हायची आणि गाडी ठप्प. उपाय साधा: पंपावर ओला फडका टाकायचा आणि दहा मिनिटं स्तवनिधीच्या दिशेनं हात जोडून उभं राहायचं! फडक्यानं भागलं नाही तर माणूस आमच्या दारात यायचा.

हा सगळा इतिहास मला कळला तो आत्याबाईंच्या वहीतून. सासूबाई चौथी शिकलेल्या. हिशेब त्या लिहायच्या, कारण तिघा भावांपैकी कुणालाच लिहिण्याची आवड नव्हती. लाल कापडी बांधणीच्या वह्या. गाडी कुणाची, काय केलं, किती आले, किती राहिले. ‘हेड उतरवले, व्हॉल्व्ह घासले.’ ‘किंगपिन व बुश बदलले.’ ‘डायनॅमो कोल्हापूर.’ मधेच ‘सीट शिवली, मी’ असं येतं. हा ‘मी’ मला फार आवडतो. गाड्यांच्या सीटा त्या घरच्या शिलाई मशीनवर शिवायच्या, काथ्या भरून, वर रेक्झिन. कातडं घरात येणार नाही, ही त्यांची अट होती आणि गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी मोडली नाही. सीटचे पैसे मात्र वहीत वेगळे कुठेच दिसत नाहीत. गाडीच्या एकूण रकमेत ते विरघळून गेलेत.

तंबाखूचे पैसे हातात आले की वहीतली पानं भरतात, पाऊस लागला की रिकामी होतात. १९७२ च्या दुष्काळात उधारीचा रकाना मोठा होत जातो. १९८१ च्या मार्च-एप्रिलात तर तीन आठवड्यांची पानं जवळपास कोरी. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी हाच रस्ता अडवला होता. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. आत्याबाईंनी त्या तारखेला फक्त ‘बंद’ लिहिलंय. त्यांना विचारलं होतं एकदा. म्हणाल्या, “रस्त्यावर बसलेल्यांना भाकरी नेऊन देत होतो की आम्ही. लिहायला सवड कुठं हुती?”

आता गॅरेज माझे दीर आणि माझा मुलगा बघतात. नव्या गाड्यांना संगणक लावावा लागतो, त्या कंपनीच्या मोठ्या वर्कशॉपकडे जातात. आमच्याकडे येतात त्या जुन्या. त्यातही दोन तऱ्हा. एक मोठ्या शहरातल्या हौशींच्या. त्यांना आरशासारखा क्रोम हवा असतो, गाडी नवी होती तेव्हाही नव्हती इतकी चकचकीत हवी असते. पैसे चांगले मिळतात, मी तक्रार करत नाही. पण पत्र्याचा जुना रंग खरवडताना खाली तीन-तीन थर निघतात, कुणी लग्नात रंगवलेला, कुणी ठोकर लागल्यावर, ते सगळं लांबीखाली गाडून टाकायचं मला जिवावर येतं. दुसरी तऱ्हा घरच्या गाड्यांची. तिथं मालक म्हणतो, चालती करून द्या.

सध्या शेडमध्ये जी पद्मिनी उभी आहे ती या दुसऱ्या तऱ्हेतली. १९७५ ची, एका वखारवाल्यांची. ते गेले, गाडी आठ वर्षं गोठ्याशेजारी पडून राहिली. तळाचा पत्रा बोट लावलं की निघत होता. मुलांचं म्हणणं भंगारात घाला. आईचं म्हणणं नाही. आक्का स्वतः आल्या आमच्याकडे, रिक्षातून. म्हणाल्या, “वैनी, ह्याच गाडीतनं माहेराला गेले, दवाखान्यात गेले, पोरं घेऊन परत आले. मला फोटो काढायला नको गाडी. स्तवनिधीला जायला पाहिजे.”

हे वाक्य साधं वाटतं, पण त्यात कायद्याचा पेच आहे. २०२१ मध्ये केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. नव्या नोंदणीची फी २० हजार, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, फार तर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. आक्कांना ते उपयोगाचं नाही. म्हणजे नेहमीचीच नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायची, त्याची फी २०२२ मध्येच ६०० ची एकदम ५ हजार झाली होती, आणि आधी गाडी तपासणीत पास व्हायला हवी. त्याच्याही आधी नवऱ्याच्या नावावरची गाडी बाईच्या नावावर व्हायला हवी. त्याला मुलांची संमती लागते. भंगारात घाला म्हणणाऱ्या मुलांची.

तपासणीत अडणार होते ते ब्रेक. मागचा एक ड्रम तडकलेला, बाजारात मिळेना. दिरांनी दुसरा चांगला ड्रम मापाला घेतला आणि बेळगावला पॅटर्नवाल्याकडे गेले. लाकडाचा पॅटर्न करताना तो नेमक्या मापाचा करत नाहीत. बीड थंड होताना आक्रसतं, शंभराला एकाच्या आसपास, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा, शिवाय लेथवर सोलून निघेल तेवढं जास्तीचं अंगावर ठेवायचं. ब्लाउज बेतताना आपण शिवणीसाठी कापड सोडतो तसंच. मग वाळूचा साचा, ओतकाम, लेथ. एका ड्रमसाठी एवढा खटाटोप परवडत नाही, म्हणून चार ओतून घेतले. बाकीचे तीन फळीवर आहेत. कुणाची तरी पद्मिनी येईलच.

इंजिन रीबोर होऊन कोल्हापूरहून आलं. तळाचा पत्रा कापून नवा वेल्डिंग केला. रंग आक्कांनी पूर्वीचाच सांगितला, मळकट पांढरा. सीट मी शिवली. आत्याबाईंच्याच मशीनवर, काथ्या मात्र आता कोकणातून मागवावा लागतो. वहीत मी ‘सीट शिवली, मी’ असं लिहिलं आणि पुढे रक्कम वेगळी घातली. मुलानं बघितली, काही बोलला नाही.

आक्कांच्या मुलीनं सही केली. धाकट्या मुलानंही, जरा कुरकुर करत. थोरला पुण्यात असतो, तो पंचमीला येणार आहे. तोवर गाडी शेडमध्ये आहे आणि बॅटरी उतरू नये म्हणून आमचा मुलगा तिला दर रविवारी दहा मिनिटं चालू ठेवतो.