माळवदाला लांब काठी का लागत नसे?

बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा प्रदेश. वर्षाकाठी पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर. म्हणून जुनी घरे धाब्याची: तुळया, त्यांवर आडवी लाकडे आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंतीबाहेर डोकावणारी पन्हळ हीच पाण्याची वाट. ती तुंबली की पाणी साचे, माती भिजून जड होई, तुळई मोडे; झोपेतली माणसे ढिगाऱ्याखाली जात.

तरीही पन्हळीसाठी लांब काठी फारशी लागत नसे. माळवदावर चालत जाऊन हातानेच गाळ काढता येई. बांबूला केरसुणी बांधत, ती तुळयांवरची जाळी काढण्यासाठी.

उतरते पत्रे आले आणि पायाखालची सपाटी गेली. आता पन्हळ जमिनीवरूनच साफ करणे शहाणपणाचे. लांबवता येणारी ॲल्युमिनियमची दांडी हलकी खरी. पण जवळून विजेची तार जात असेल, तर ती मुळीच घेऊ नये. फायबरग्लासची घ्यावी, आणि तीही कोरडी, तारेपासून दूर धरावी.