दोन आरसे आणि एक लाइका

आरशासमोर काढलेला फोटो म्हणजे सेल्फीच की, असं म्हणून पुढे जाऊ नका. इल्झे बिंगने १९३१ मध्ये पॅरिसला काढलेला स्वतःचा फोटो शोधून बघा. ही मूळची फ्रँकफर्टची. आधी गणित आणि भौतिकशास्त्र, मग कलेचा इतिहास. वास्तुकार फ्रीडरिख गिली याच्यावरच्या प्रबंधासाठी इमारतींचे फोटो हवे होते, म्हणून तिने कॅमेरा हातात घेतला. १९२९ मध्ये लाइका आला, प्रबंध राहिला अर्धाच आणि १९३० मध्ये बाई पॅरिसला. (गाइडला काय वाटलं असेल!)

आता हा फोटो पुरावा म्हणून वाचा. कॅमेरा स्वतःला पाहू शकत नाही. तो समोरून दिसतोय, म्हणजे पुढ्यात आरसा आहे. दुसऱ्या आरशात तिचाच चेहरा बाजूने दिसतो. डावं-उजवं ठरवायचं तर प्रत्येक प्रतिमेची परावर्तनं मोजा: एक असेल तर उलट, दोन असतील तर पुन्हा सुलट. शिवाय प्रिंट काढताना निगेटिव्ह पालथी पडली असेल तर सगळंच फिरतं. तिने कॅमेऱ्याला कुठला डोळा लावलाय, हे लिहिण्याआधी कागदावर किरणाकृती काढा.