बडोद्याच्या गच्च्या आणि रॉक अँड रोलची जुनी गाणी

बडोद्यात वैशाखाचे ऊन कसे असते, हे ज्यांनी दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात एक तरी उन्हाळा काढला आहे त्यांस सांगावयास नको. दिवसभर दारे-खिडक्या लावून बसावे, दुपारी आमरसाच्या सुस्तीने पडून राहावे आणि दिवस मावळल्यावर गच्चीवर पाणी शिंपडून अंथरुणे टाकावीत, असा तेथील मराठी घरांचा शिरस्ता. झोप येईपर्यंतचे ते दोन-तीन तास गाण्याचे. एका घरच्या रेडिओवर फैयाजखाँसाहेबांची जयजयवंती लागलेली असावी, शेजारून पायाने ठेका धरावयास लावणारे एखादे उडते गाणे यावे, आणि वडीलधाऱ्यांनी कूस बदलून म्हणावे, "पुरे करा तो धांगडधिंगा!" त्या धांगडधिंग्याला आता सत्तर वर्षे होऊन गेली. ज्या मुलांना तेव्हा दटावणी मिळाली त्यांना आज नातवंडे आहेत, आणि तीच गाणी आता 'जुनी, गोड गाणी' म्हणून मोठ्या हौसेने ऐकली जातात. तेव्हा हा धांगडधिंगा मुळात कोणाचा, हे एकदा शांतपणे पाहावयास हरकत नाही.

अमेरिकेत बिल हेली याने 'रॉक अराउंड द क्लॉक' हे गाणे १९५४ च्या एप्रिलात मुद्रित केले. त्याच वर्षी जुलैच्या उकाड्यात मेंफिस शहरातील एका लहानशा स्टुडिओत एल्व्हिस प्रेस्ली या एकोणीस वर्षांच्या मोटारचालकाने आपली पहिली तबकडी गायिली. पुढल्या वर्षी चक बेरीचे 'मेबेलीन' आले. या गाण्यांचे आणि उन्हाळ्याचे नाते पहिल्यापासूनच जडले. तेथील शाळांची लांब सुट्टी उन्हाळ्यातच पडते. १९५८ साली एडी कॉक्रन याचे 'समरटाइम ब्ल्यूज' निघाले, त्यात मात्र उन्हाळ्यात सुट्टीऐवजी कामाला जुंपलेल्या पोराची कुरकुर आहे. ती कुरकुर आपल्याकडील कोणत्याही दुकानदाराच्या मुलाला सहज कळेल.

या संगीताचे एक मूळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांत आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांस विशेष जवळची वाटावी. तेथे एकाने ओळ म्हणावी, समुदायाने ती उचलावी, टाळ्यांनी लय वाढत जावी आणि शेवटी सर्वांनी उभे राहून डोलावे, अशी रीत आहे. एकादशीच्या भजनात झिलकऱ्यांनी बुवांची ओळ उचलल्यावर मंडपात जे होते, त्याहून हे फार निराळे नाही. सिस्टर रोझेटा थार्प ही बाई तर हातात विजेची गिटार घेऊन देवाची गाणी म्हणत असे, आणि पुढच्या रॉक अँड रोलवाल्यांनी तिच्यापासून पुष्कळ उचलले.

परंतु आपणांस अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. परक्या वाद्यांचे सूर बडोद्याच्या कानावर फार पूर्वीच पडले होते. महाराज सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली गायनशाळा सुरू केली व स्वरलिपीच्या साह्याने सामान्य घरांतील मुलांस गाणे शिकविण्याची प्रथा पाडली. त्यांचे चिरंजीव अल्लाउद्दीनखाँ हे लंडनच्या रॉयल अकादमीत पाश्चात्य संगीत शिकून परत आले. पुढे फ्रेडिलिस नावाच्या युरोपियन संगीतज्ञाने संस्थानात वाद्यवृंदाचे प्रयोग केले. कमाटी बागेतील बँडस्टँड आजही त्या काळाची साक्ष देतो. उलट दिशेनेही प्रवास झालाच. मौलाबक्षांचे नातू इनायतखाँ यांनी १९०९ साली ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी मुद्रित केली व १९१० साली ते वीणा घेऊन अमेरिकेस निघून गेले. अमेरिकेचे गाणे बडोद्याच्या गच्चीवर येण्याच्या सुमारे पंचेचाळीस वर्षे आधी बडोद्याचे गाणे अमेरिकेस पोहोचले होते, हे कूस बदलणाऱ्या आजोबांस कोणी सांगितले नसावे.

शिवाय गच्चीवर ऐकू येणारे ते उडते गाणे पुष्कळदा इंग्रजी नसून हिंदी चित्रपटातले असे, आणि येथे तर सारा मामला घरचाच निघतो. पुणतांब्यास जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, यांनी १९५१ च्या 'अलबेला'त 'शोला जो भडके' हे गाणे दिले, तेव्हा रॉक अँड रोल हे नावही आपल्याकडे कोणास ठाऊक नव्हते. त्या चित्रपटाचे निर्माते-नट भगवान पालव हे एके काळचे गिरणी कामगार. गाणे लताबाईंनी आणि स्वतः चितळकरांनी म्हटलेले. चितळकरांच्या त्या काळच्या गाण्यांत ट्रम्पेटची जी झळाळी आहे ती चिक चॉकोलेट याची. हा गृहस्थ बार्देशातील हळदोणे गावचा, मूळ नाव आंतोनियो शावियेर वाझ. 'अलबेला'त तो आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतो.

मग १९५७ साली 'आशा' चित्रपटात 'ईना मीना डीका' आले. हिंदी चित्रपटातील रॉक अँड रोलचे नाव काढले की पहिल्याने हेच आठवते. त्याची हकीकत अशी सांगतात की, तालमीच्या खोलीबाहेर खेळणाऱ्या मुलांच्या इंग्रजी बडबडगीतावरून चितळकरांस मुखडा सुचला आणि त्यांचे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोमिश यांनी त्यात 'मला नको' या अर्थाचे दोन कोंकणी शब्द घालून ओळ पुरी केली. ते शब्द त्या गाण्यात आजही आहेत. सारा देश ते म्हणतो, आणि आपल्या तोंडी कोंकणी आहे हे बहुतेकांस माहीत नसते. ते गाणे किशोरकुमारांनी म्हटले, तसेच आशाबाईंनीही. लताबाई आणि आशाबाई या मंगेशीच्या मास्टर दीनानाथांच्या कन्या. मंगेशाच्या देवळाजवळचे स्वर आणि गोव्याच्या चर्चमधील पाठशाळेत 'दो-रे-मी' घोकून तयार झालेला ट्रम्पेट मुंबईच्या एका खोलीत भेटले, आणि त्यांची गाठ घालून देणारा मनुष्य पुढे गदिमांच्या 'गीतगोपाला'स चाली लावणार होता. हे परके म्हणावयाचे तर आपले म्हणून काय उरते, असा प्रश्न मला पडतो.

त्या काळी सरकारी आकाशवाणीचा दरवाजा मात्र या गाण्यांस बहुतांशी बंद होता. १९५२ ते १९६२ नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे कडवे अभिमानी. त्यांनी चित्रपटगीतांस कात्री लावली. शास्त्रीय गायकवादकांस त्यांच्यामुळे घरोघर श्रोते मिळाले, हे त्यांचे ऋण मोठेच. पण तरुणांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन गाठले आणि बुधवारी रात्री अमीन सयानींच्या 'बिनाका गीतमाले'स कान लावले. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात विविधभारती सुरू करावी लागली.

मला खटकते ते दुसरेच. बडोद्याच्या कलावंत कारखान्याचे छापील नियम होते. कोणास किती वेतन, रजा केव्हा, दंड कशाबद्दल, हे सारे ठरलेले असे. मोठमोठ्या कलावंतांस तो जाच वाटला असेल. परंतु त्या दप्तरामुळे साध्या साथीदाराचेही नाव कागदावर आले. मुंबईच्या स्टुडिओतील गोमंतकीय वादकांस हे भाग्य लाभले नाही. रोजावर यावे, पुढ्यातील कागद वाचून वाजवावे, पैसे घेऊन घरी जावे. साडेतीन मिनिटांच्या तबकडीवर गायकाचे नाव, चित्रपटाचे नाव, संगीतकाराचे नाव. ज्याच्या फुंकरीने गाणे उभे राहिले त्याचे नाव नाही. ती तबकडी लाखेची, उन्हात राहिली तर वाकडी होणारी. बडोद्यासारख्या गावी उन्हाळ्यात ती सावलीत सपाट ठेवून लोकांनी जिवापाड जपली, पण वाजविणारा कोण हे जपणाऱ्यासही वाचावयास मिळाले नाही.

साष्टीतील माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे त्या वादकांतलेच एक, व्हायोलिनचे पंडित. १९५८ साली त्यांनी मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा करून आपल्या रागांवरील रचना पाश्चात्य वाद्यांवर वाजवून दाखविल्या; लताबाई आणि मन्ना डे त्यांत गायिले. बडोद्यास फ्रेडिलिसने जे मनात धरले होते त्याच वाटेवरचे हे पाऊल. पुढे त्यांचे शिष्य संगीतकार प्यारेलाल यांच्या सांगण्यावरून १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त नायकाने त्यांचेच नाव घेऊन एक गाणे म्हटले, आणि ते नाव देशभर पोराटोरांच्या तोंडी झाले. या नावाचा खराखुरा मनुष्य माजोर्ड्यास राहतो, हे मात्र २०१२ साली तो वारला तेव्हा कित्येकांस वर्तमानपत्रातून कळले.